कुद्रेमुखच्या जंगलातून सायकलने: कुठून चढावं, कुठून उतरावं?

उतारावरची | ४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं (मी, धाकटा भाऊ आणि एक मैत्रीण, वयं अनुक्रमे ५३, ४९ आणि 'विचारायचं नाही') सायकलींवर सामान लादून निघायचं म्हणतोय. गेल्या वर्षी सागरी मार्गाने वेंगुर्ल्यापर्यंत गेलो होतो. समुद्र सुरेखच, पण शनिवार-रविवारी मागून हॉर्न मारणाऱ्या गाड्यांनी जीव नको केला. म्हणून यंदा एकच अट: रस्ता शांत हवा. हॉटेल साधं चालेल, चढ असला तरी चालेल, वाटलं तर ढकलू.

बरीच शोधाशोध करून कर्नाटकातल्या कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानावर येऊन ठेपलोय. कच्चा आराखडा असा: रेल्वेने उडुपी, मग कारकळ - बजगोळी - माळ - एस. के. बॉर्डर - कुद्रेमुख - कळसा. तिथून होरनाडू, शृंगेरी, आगुंबे आणि घाट उतरून परत उडुपी. सहा दिवस.

प्रश्न:
१) हाच फेरा उलटा करावा का?
२) जंगलात मध्ये राहायची सोय आहे का?
३) जनावरांचं काय? मैत्रीण हत्ती म्हणाली की पुढचं ऐकतच नाही.

---

पंक्चर पंडित | ४ ऑक्टोबर, रात्री ९:५२

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). मैत्रिणीचं वय कळलं तर धागा शंभरी गाठेल.

---

घाटमाथा | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१५

हा फेरा मी दोनदा केलाय, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. तुम्ही लिहिलाय तसाच करा.

कारण चढ नाही, कारण घड्याळ आहे. माळच्या पुढे वनखात्याची चौकी लागते. उद्यानातला रस्ता रात्री बंद असतो आणि आत शिरल्यावर वाटेत कुठेही रेंगाळायला परवानगी नाही. मोटारीला त्याचं काही वाटत नाही. आपल्याला वाटतं, कारण आपण चढावर ताशी सात-आठने जाणार. पहिल्या खेपेला मी कारकळला बाहुबलीच्या पायाशी फोटो काढत बसलो (मूर्ती ४२ फुटी, १४३२ सालची, बसण्यासारखीच आहे), पुढे बजगोळीला पोटभर जेवलो आणि चौकीवर तीन वाजता पोचलो. पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि 'नाळे बन्नी' म्हणाला. उद्या या. चूक माझीच होती. आलो तसा उतरलो. चढलेला घाट फुकट उतरायची मजा काय असते ते तेव्हा कळलं.

तेव्हा कारकळहून उजाडता उजाडता निघा. चौकीवर आठ-नवाला असाल तर दिवस तुमचा. वेळा नेमक्या काय आहेत ते आदल्या दिवशी कारकळमध्येच विचारून घ्या, त्या बदलतात.

आता शांततेबद्दल. बजगोळी ते एस. के. बॉर्डर हा मंगळूर-शृंगेरी-शिमोगा महामार्ग आहे. नावाला घाबरू नका, झाडीतून वळणं घेत जाणारा रस्ता आहे. पण एसट्या आणि देवदर्शनाच्या जीपा असतात. एस. के. बॉर्डर म्हणजे जुन्या साउथ कॅनरा जिल्ह्याची हद्द. तिथे फाटा फुटतो. डावीकडे केरेकट्टेवरून शृंगेरी, उजवीकडे कुद्रेमुख-कळसा. बहुतेक सगळी रहदारी डावीकडे वळते. तुम्ही उजवीकडे वळा, आणि दहा मिनिटांत स्वतःची चेन ऐकू येते. माझी तर कुरकुरत होती, शरम वाटली.

पुढे झाडी विरळ होत जाते आणि डोंगर उघडे पडतात. सगळीकडे गवत, फक्त घळींमध्ये जंगलाचे पुंजके. त्या पुंजक्यांना शोला म्हणतात. आपल्या सह्याद्रीत असं दृश्य नाही.

---

सातारी कंदी | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

सह्याद्रीत नाही?? घाटमाथा, हे आयडी घेऊन असलं लिहिता?

ताई, उगाच एवढ्या लांब कशाला? सातारा - कास - बामणोली करा, तिथून लाँचवर सायकली चढवून तापोळा, मग महाबळेश्वर. कोयनेचं पाणी, समोर वासोट्याचं रान. नाहीतर सज्जनगड - ठोसेघर - चाळकेवाडी करून पवनचक्क्यांखालून पाटणला उतरा. व्याघ्र प्रकल्प आपल्या दारात आहे, त्यात चांदोलीसारखं राष्ट्रीय उद्यान आहे. भाषेचीही अडचण नाही.

---

घाटमाथा | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

कंदीराव, हलके घ्या. कास-बामणोली माझाही लाडका रस्ता आहे (फुलांचा हंगाम सोडून, तेव्हा तिथे सायकलपेक्षा चालत लवकर पोचता येतं). पण बाईंनी विचारलंय ते उद्यानाच्या *आतून* जाणाऱ्या रस्त्याचं. चांदोली आरपार करणारा रस्ता सायकलला खुला नाही. आपण कडेकडेने फिरतो. कुद्रेमुखला डांबरी रस्ताच उद्यानाच्या पोटातून जातो, हा फरक.

---

वारणाकाठ | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

चांदोलीत पूर्वी रस्ते होते की. माझं आजोळ आतलं. धरण आलं, मग १९८५ ला अभयारण्य, २००४ ला राष्ट्रीय उद्यान. गाव उठून खाली आलं. मामा अजून वाट सांगतो, कुठल्या आंब्यापाशी वळायचं ते. आता तिथे सायकल नाही, मामालाही जाता येत नाही.

बाकी चर्चा चालू द्या. सहज आठवलं.

---

शेवाळ | ५ ऑक्टोबर, दुपारी १:१०

डिसेंबर उत्तम. मी आगाऊपणे ऑगस्टमध्ये गेले होते. आगुंब्याला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला निम्मा माझ्या पॅनिअरमध्ये (सायकलला लटकवायच्या पिशवीत) होता. आणि जळवा! चहाला थांबलं की मोज्यातून चार काढायच्या, दोन मोजायच्या राहतात. तंबाखू-चुन्याची पुरचुंडी कापडात बांधून ओली करून घोट्याला फिरवा, असं तिथल्या आजींनी शिकवलं. काम करते. फक्त नंतर चार दिवस माझ्या खोलीत कोणी आलं नाही.

---

डीजे पेडल | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

मी हँडलला छोटा ब्लूटूथ स्पीकर लावतो. चढावर गाणी असली की दम लागत नाही, आणि जनावरं आवाजाने लांब राहतात. दुहेरी फायदा. ताईंनी विचार करावा.

---

शेवाळ | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:५१

राष्ट्रीय उद्यानात??? 🤦‍♀️

---

पंक्चर पंडित | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:५३

जनावरं लांब राहतात हे खरं. माणसंही.

---

घाटमाथा | ५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

डीजेसाहेब, दंड होईल आणि तो रास्तच असेल. शिवाय आवाज हा तिथे तुमचा डोळा आहे. झाडीत काड्या मोडल्याचा आवाज आला की समजायचं, गवा आहे. दुसऱ्या खेपेला केरेकट्टेच्या बाजूला वळणापलीकडे असाच आवाज आला म्हणून थांबलो. तीन गवे आणि एक पिल्लू सावकाश रस्ता ओलांडून गेले. गाणं चालू असतं तर सरळ त्यांच्यात घुसलो असतो.

ताई, जनावरांबद्दल: गवा दिसला तर उतरा, लांब थांबा, घंटी वाजवू नका, त्याला जाऊ द्या. अंधाराच्या आधी बाहेर पडा. मला दोन्ही खेपांना हत्ती दिसला नाही, पण म्हणून नाहीच असं मैत्रिणीला सांगू नका. त्याबद्दलही चौकीवरच विचारा. सिंहपुच्छ वानर दिसलं तर नशीब. काळं अंग, तोंडाभोवती करडी आयाळ.

---

मल्लेश्वर | ५ ऑक्टोबर, रात्री १०:५५

बऱ्याच वर्षांनी इथे लॉगिन केलं. धाग्याचं नाव पाहून राहवलं नाही.

मी कुद्रेमुखचा. म्हणजे मूळचे आम्ही मिरजेचे, पण वडील १९८३ साली तिथे नोकरीला लागले आणि माझं सगळं बालपण मल्लेश्वर वसाहतीत गेलं. तुम्ही ज्याला कुद्रेमुख गाव म्हणताय ते गाव नव्हतंच, खाणीची वसाहत होती. कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी १९७६ ची. इराणच्या शहासाठी लोखंड काढायचं ठरलं होतं. तिकडे १९७९ ला क्रांती झाली आणि गिऱ्हाईकच गेलं, पण खाण सुरू झाली. दगड दळून, पाण्यात कालवून तो चिखल सुमारे ६७ किलोमीटर नळातून मंगळूरला जायचा. उरलेला गाळ लक्या धरणात.

तुम्ही सगळे शांतता शांतता म्हणताय. आमच्या वेळी तिथे शांतता नव्हती. सुरुंगाचे बार ठरल्या वेळी व्हायचे, आई त्यावर कुकर लावायची. डंपर, पाळ्यांच्या बसगाड्या, क्लबात गणपती, त्यात तेलुगू नाटक आणि मराठी आरती. शाळेत आमच्या वर्गात सात भाषा होत्या. पावसाळ्यात तीन-तीन महिने कपडे वाळायचे नाहीत, म्हणून प्रत्येक घरात दोरीखाली शेगडी.

मग खटला झाला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने २००५ अखेर खाण बंद करा म्हणून सांगितलं. निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. भद्रेचं पाणी खाली किती लाल व्हायचं ते आम्ही पाहिलंय. पण ३१ डिसेंबरला सगळे नव्या वर्षाचं काय करायचं बोलतात, आणि आमच्याकडे ट्रक लागले होते.

एकदा परत गेलो होतो. बायको म्हणाली, किती शांत आहे! मला तासभरही बसवेना.

ताई, तुम्ही जा, जरूर जा. एक काम करा. शाळेच्या फाटकाजवळ फणस होता. बुंध्याला खिळा ठोकून आम्ही दप्तरं अडकवायचो. आहे का ते पाहाल?

---

पंक्चर पंडित | ५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

(विनोद सुचला होता. ठेवून दिला.)

---

उतारावरची | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

मल्लेश्वर, नक्की पाहीन. वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

घाटमाथा, वेळेचं लक्षात आलं. कंदीराव, कास-बामणोली फेब्रुवारीसाठी वाखू (वाचनखूण) केलंय, रागावू नका. आता अजून दोन शंका. कारकळ ते कळसा एका दिवसात सत्तरच्या आसपास होतंय, निम्मा चढ. सामानासकट जमेल? आणि सायकली रेल्वेने कशा न्यायच्या?

---

दाते मोजणारा | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:३५

जमेल. मागे ३४ दाती, पुढे ३० किंवा त्याहून लहान असेल तर बसूनच चढाल. घाट सणकून चढत नाही, लांब आहे. समुद्रसपाटीजवळून निघून सात-आठशे मीटरवर जायचंय आणि अर्धाअधिक रस्ता सावलीत. टायर ३५ मिमी पुरेत. ब्रेक पॅड मात्र नवे घाला, ते आगुंब्याला लागतील. तिथे १४ हेअरपिन वळणं आहेत, सामानाचं वजन पाठीमागून ढकलतं. रिम ब्रेक असतील तर मध्ये दोनदा थांबून रिमला हात लावून पाहा. म्हणजे लावू नका, भाजेल. पाणी शिंपडा... तेही नको. नुसते थांबा.

---

शेवाळ | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:५८

माझं मत उलटं आहे. आगुंबे चढावा. चढ तीव्र आहे पण आटोपशीर, तासा-दीड तासात संपतो, जड वाहनांना बंदी आहे, आणि वर सूर्यास्त मिळतो. मग माळचा लांब सावलीतला उतार शेवटी बक्षीस. घाटमाथांचा घड्याळाचा मुद्दा कळसाहून पहाटे निघालं तर सुटतोच की.

---

घाटमाथा | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

सुटतो, पण मग कुद्रेमुखची माळरानं मागे पडत जातात आणि तुम्ही गर्दीकडे उतरत जाता. सुलट्या दिशेने शांतता वाढत जाते. हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. भांडण नाही.

---

शेवाळ | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:२४

थोडं आहे 😄

---

रूळावरून | ६ ऑक्टोबर, दुपारी २:१५

रेल्वेचं मी सांगतो. मत्स्यगंधा कुर्ला टर्मिनसवरून सुटते. ठाण्या-पनवेलला चढवायच्या भानगडीत पडू नका, दोन-चार मिनिटांत ब्रेक व्हॅन गाठणं आणि त्यात तीन सायकली घालणं म्हणजे सर्कस. कुर्ल्याला दोन-अडीच तास आधी जा, तिकीट दाखवून सामान म्हणून बुक करा, सायकलवर पत्ता आणि गाडी क्रमांकाचा पुठ्ठा बांधा. आणि मुख्य म्हणजे उडुपीला उतरू नका, शेवटपर्यंत मंगळूर सेंट्रलला जा. शेवटच्या स्थानकावर सगळं निवांत उतरवतात. माझ्या एका मित्राची सायकल मधल्या स्थानकावर उतरलीच नाही, तो प्लॅटफॉर्मवर आणि ती पुढे. मंगळूरहून कारकळ पन्नासेक किलोमीटर, वाटेत मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी, म्हणजे जैन मंदिर. ती १४३० ची. पहिला दिवस मस्त जाईल.

---

कोब्रा नव्हे कोब्रा | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

अवांतर: माळ गावात पाट्या वाचत जा. मराठे, जोशी, डोंगरे अशी आडनावं दिसतील. कारकळजवळच्या दुर्ग आणि माळ या गावांत चित्पावनांची जुनी वस्ती आहे. घरात अजून चित्पावनी बोलतात, बाहेर तुळू-कन्नड. माझी चुलत आत्या तिथे दिलेली. तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पुणेरी मराठी बोललो, तर आते-आजेसासू म्हणाल्या, हा परदेशी कोण? त्यांचं बोलणं ऐकून मला वाटलं, हे सगळे नाकात का बोलतायत. बरोबर कोण होतं देव जाणे.

त्या भागात मराटी नाईक समाजही आहे, त्यांची बोलीही मराठीच्या घरातली. तेव्हा कंदीराव, भाषेची अडचण म्हणालात ती तेवढी नाही.

---

सातारी कंदी | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०२

मान्य. पण कंदी पेढा मिळणार नाही.

---

बखरकार | ६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

शृंगेरीत 'आम्ही मराठे' असं छाती काढून सांगू नका म्हणजे झालं. १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी मठ लुटला होता. पुढे टिपूने मठाला मदत पाठवली, ती पत्रं १९१६ साली मठात सापडली. आता यावर

---

संपादक मंडळ | ६ ऑक्टोबर, रात्री ८:४७

बखरकार, विषय रोचक आहे, वेगळा धागा काढा. याखालचे अकरा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे सायकल.

---

डीजे पेडल | ६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

स्पीकर घरी ठेवीन म्हणतो. (अकरा प्रतिसादांत माझा एकही नव्हता याची नोंद घ्यावी.)

---

काळजीवाहू | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

त्या जंगलात नक्षलवादी होते ना? माझ्या आईने टीव्हीवर पाहिलं होतं.

---

घाटमाथा | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

होते, बरीच वर्षं. म्हणून पूर्वी चौकश्या जास्त व्हायच्या. जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्यांपैकी सहा जणांनी शरणागती पत्करली. आईंना सांगा, आता ओळखपत्र जवळ ठेवलं की पुरे.

मुक्कामाचं राहिलं होतं: उद्यानात तंबू ठोकायचा नाही, मध्ये कुठे राहता येईल या भरवशावर निघूही नका. कळसा गाठा, तिथे लॉज आहेत. दुसऱ्या दिवशी सामान खोलीत ठेवून आठ किलोमीटरवरच्या होरनाडूला अन्नपूर्णेश्वरीचं दर्शन आणि जेवण. देवळात पुरुषांना शर्ट काढावा लागतो किंवा वर उपरणं घ्यावं लागतं. भाऊ सायकलच्या घट्ट चड्डीत जाणार असेल तर लुंगी बरोबर द्या. मी अनुभवाने सांगतोय. पंगतीत आजूबाजूच्या चाळीस जणांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फार कष्टाने.

शृंगेरीला जाताना आल्या वाटेने मागे येऊ नका. कळसाहून बाळेहोळे - बसरीकट्टे - जयपूर असं जा. कॉफी आणि सुपारीच्या बागांतून सतत वर-खाली आहे, मांड्या बोलतील, पण गाड्या मोजक्याच.

---

उतारावरची | १५ डिसेंबर, रात्री ९:२०

परत आलो! सविस्तर लिहायला वेळ काढेन. आत्ता मुद्द्याचं तेवढं.

सुलटंच केलं, मंगळूरला उतरून. चौकीवर सव्वाआठला होतो. पहारेकऱ्याने नावं लिहून घेतली, तिघांची वयं विचारली, मैत्रिणीने शांतपणे खरं सांगितलं आणि आम्ही दोघं ऐकतच राहिलो. (नाही, इथे लिहिणार नाही.)

एस. के. बॉर्डरनंतर घाटमाथांनी लिहिलंय तसंच. पहिला तासभर आम्ही तिघं एकमेकांशी कुजबुजत बोलत होतो, का ते कुणालाच सांगता येईना. मग भावाने चढावर शिंक दिली आणि समोरच्या झाडावरून काळी माकडं अशी काही सैरावैरा पळाली! करडी आयाळ होती असं मैत्रीण शपथेवर सांगते. मला फक्त शेपटी दिसली.

मी दोनदा ढकलली, भावाने एकदा. बाळेहोळ्याच्या पुढे सगळ्यांनीच. घाटमाथा, 'सतत वर-खाली' हे शब्द तुम्ही फार हलक्या हाताने लिहिले होते. आगुंबे उतरताना मी सहाव्या वळणावर थांबले आणि रिमला हात लावला. दाते मोजणारा, भाजतं.

मल्लेश्वर, वसाहतीत गेलो होतो. बरीच घरं बंद, काहींच्या अंगणात माणसाच्या उंचीचं गवत. शाळेचं म्हणून दाखवलं ते फाटक बंद होतं, आत सोडलं नाही. रस्त्यावरून एक मोठा फणस दिसत होता. खिळा काही दिसला नाही, कारण झाडाखाली एक गवा उभा होता. आम्ही वीस मिनिटं थांबलो, तो हलला नाही. शेवटी आम्हीच हललो.

---

मल्लेश्वर | १५ डिसेंबर, रात्री १०:०५

आमच्या वेळी गवा म्हणजे रस्त्याकडेच्या पाटीवर रंगवलेला असायचा. खरा मी बारा वर्षांत एकदाही पाहिला नाही.

फाटकाच्या डावीकडे होता ना फणस?

---

उतारावरची | १५ डिसेंबर, रात्री १०:११

डावीकडे.

---

मल्लेश्वर | १५ डिसेंबर, रात्री १०:१२

तोच.

---

रूळावरून | १६ डिसेंबर, सकाळी ७:४०

ताई, येतानाही मंगळूर सेंट्रलहूनच चढवल्या का? आणि सामानाचे किती घेतले? जानेवारीत आम्ही चौघं निघतोय.